थोरलीच्या कुंड्या, धाकटीच्या हाती

त्या चार मजली इमारतीत दोन जावा राहायच्या. थोरली चौथ्या मजल्यावर, धाकटी तिसऱ्यावर, आणि तळमजल्यावर जिन्याला लागून धाकटीचं दोन खुर्च्यांचं पार्लर. बाहेर सगळे तिला पार्लरवाल्या वहिनी म्हणायचे. घरात मात्र लग्न होऊन आली त्या दिवशी ती धाकटी झाली आणि पन्नाशी उलटली तरी धाकटीच राहिली.

केसांच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. झाडांच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद. तिने लावलेला पुदिना आठवडाभरसुद्धा टिकला नव्हता. कोणीतरी भेट दिलेला मनीप्लांट, जो म्हणे नुसत्या पाण्यावर वर्षानुवर्षं जगतो, तो तिच्याकडे बाटलीतच कुजला. "तू नुसतं बघितलंस तरी झाड मान टाकतं गं," थोरली म्हणायची. चारचौघांत म्हणायची आणि हसून म्हणायची, त्यात वाकडं काही नसायचं. सगळे हसायचे, धाकटीही हसायची. पण जिना उतरताना ते हसणं तिच्या चपलेत खडा शिरावा तसं बोचत राहायचं.

आणि थोरलीची गच्ची म्हणजे काय सांगावं! पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत कुंड्याच कुंड्या. टोमॅटो, मिरच्या, वांगी, एका निळ्या पिंपात पुरुषभर उंचीचं लिंबू, आणि कठड्याच्या कडेने जास्वंदी. त्या जास्वंदींच्या डोक्यावरून कपडे वाळत घालायच्या दोऱ्या जायच्या. इमारतीतलं कोणीही कपडे काढायला वर आलं की दोन मिनिटं तिथे रेंगाळल्याशिवाय खाली जायचं नाही.

मग थोरलीच्या लेकीचं बाळंतपण आलं. लेक दूरच्या शहरात, तिला दुसरं कोणी नाही. थोरली आणि मोठे दीर दोघंही काही महिन्यांसाठी निघाले. जायच्या आदल्या दिवशीही थोरलीला राहवलं नाही. नर्सरीतून एक नवी गुलाबी जास्वंद आणून तिने जुन्या जास्वंदींच्या मधोमध ठेवली आणि गच्चीची किल्ली धाकटीच्या हातात दिली.

"फक्त पाणी घाल," ती म्हणाली. "दुसरं काही म्हणजे काहीच करू नकोस. माझी झाडं शहाणी आहेत, ती आपलं आपण बघतील."

"आणि काही झालं तर?"

"काही होत नाही गं. तू हात लावू नकोस म्हणजे झालं."

धाकटीने पाणी घातलं. अगदी मनापासून घातलं. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग मिरचीचे शेंडे मुठीसारखे आवळले. टोमॅटोची पानं पिवळी पडली. तिला वाटलं तहान लागली असेल, म्हणून तिने दुप्पट पाणी घातलं. पानं आणखी पिवळी पडली. जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळायला लागल्या, आणि गच्चीच्या फरशीवर चपला चटचट वाजायला लागल्या, कोणीतरी साखरेचं पाणी सांडून पुसायचं विसरल्यासारखं.

इमारतीचे अध्यक्ष निवृत्त गृहस्थ होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि काळ्याभोर मिशा. (त्या मिशांचा काळेपणा पार्लरचं शटर अर्धं खाली ओढून दर पंधरवड्याला धाकटीच लावून द्यायची, पण ही गोष्ट तिच्या पोटात होती.) एका सकाळी ते हातात शर्ट घेऊनच पार्लरमध्ये आले.

"वहिनी, ह्याला हात लावा."

तिने लावला. शर्टाचा खांदा चिकट होता आणि चिकट्यावर काळी धूळ बसली होती.

"दोनदा धुतला. वाळत घातला की पुन्हा तेच. दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या चादरी, शिक्षिकाबाईंचे कुडते, सगळ्यांची हीच तक्रार आहे. त्या कुंड्यांतल्या पानांवरून काहीतरी लागतंय."

"बघते मी, काका."

"बघा. पण पुढच्या महिन्याच्या अखेरीला सभा आहे, तीत हा विषय येणार. लोक म्हणतायत, कुंड्याच उचला."

त्याच दिवशी दुकान तासभर बंद करून धाकटी भर दुपारी वर गेली. कपडे धुवायची पावडर मूठभर घेऊन बादलीत कालवली आणि तो फेस तिने सगळ्या झाडांवर शिंपडला. कीड असेल तर मरेल, चिकटा असेल तर निघेल, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी टोमॅटोची पानं इस्त्री ठेवून विसरल्यासारखी करपली होती.

नेमका त्याच संध्याकाळी थोरलीचा व्हिडिओ कॉल आला.

"दाखव बघू माझी गच्ची!"

सगळ्या गच्चीत एकच झाड धड होतं, ते म्हणजे कोरफड. धाकटीने फोन तिच्यासमोर धरला. मग बाजूने धरला. मग कुंडी उचलून टाकीजवळ नेली आणि पुन्हा धरला.

"अगं," थोरली म्हणाली, "ही कोरफड मी तीनदा बघितली. बाकीची कुठे आहेत?"

धाकटीने फोन खाली घेतला. मग पुन्हा वर केला आणि सगळ्या कुंड्यांवरून फिरवला. करपलेले टोमॅटो, आवळलेल्या मिरच्या, जास्वंदीची काळवंडलेली पानं. तिला वाटलं, आता थोरली ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"जाऊ दे," थोरली हलक्या आवाजात म्हणाली. "काढून टाक सगळं. मी आले की नव्याने लावीन. तुझा काही दोष नाही. तुला ते जमत नाही, हे मला ठाऊक होतं ना."

फोन ठेवल्यावर धाकटी टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिली. तिचा नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. घरी येऊन ती दिसेना म्हणून तो तिला शोधत वर आला.

"काय झालं?"

"काढून टाक म्हणाल्या."

"मग काढू. मी दोन माणसं बोलावतो."

"अहो, त्या चिडल्याच नाहीत," धाकटी म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "मी काही करू शकेन असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही."

नवरा शेजारी बसला. लिफ्ट असो वा बायको, अडकलेल्या गोष्टीवर आधी धक्के मारायचे नसतात, हे त्याला कळत होतं.

पार्लर बुधवारी बंद असे. त्या बुधवारी सकाळी धाकटी दुकानात गेली आणि खुर्चीसमोर उभी राहून विचार करू लागली. नवीन गिऱ्हाईक येऊन बसलं की ती आधी काय करते? कात्री उचलत नाही. केस बाजूला करून बघते. डोक्यात खाज आहे म्हणणाऱ्या पोरीच्या टाळूवर उवा कधी सापडत नाहीत. त्या सापडतात कानामागे आणि मानेवर, जिथे ऊब असते आणि कोणाचं लक्ष नसतं. आणि डाय लावण्याआधी ती प्रत्येकाच्या कानामागे एक टिपका लावून एक दिवस थांबते. सोसलं तरच पुढे. आणि इथे तिने कोणाला काय झालंय ते न बघताच सगळ्यांच्या डोक्यावर बादली रिकामी केली होती.

तिने मागचे केस दाखवायचा हातातला आरसा घेतला, भुवया कोरताना लावायचं भिंग घेतलं, डायचा ब्रश, कापूस, स्पिरिटची बाटली, क्लिपा, सगळं ट्रेमध्ये भरलं आणि वर गेली.

आरसा मिरचीच्या पानाखाली धरला आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

पान वरून नुसतं सुरकुतलेलं होतं. खाली मात्र हिरव्या, मोहरीपेक्षाही बारीक किड्यांची गर्दी होती, अंगाला अंग लावून. टोमॅटोचं पान हलवलं तर खालून कोंड्यासारखे पांढरे कण भुर्रकन उडाले आणि पुन्हा पानाखाली जाऊन बसले. जास्वंदीच्या फांदीला जिथे पान फुटतं त्या बगलेत कापसाचे बोळे होते. भिंग लावलं तर त्या कापसाला पाय होते.

तीन झाडं, तीन आजार. तिने सगळ्यांना एकच औषध दिलं होतं.

प्रत्येकाचं एकेक पान प्लास्टिकच्या डबीत घालून तिने नर्सरी गाठली. तिथला म्हातारा माळी मातीची पोती रचत होता. त्याने डब्या उघडून बघितल्या आणि ओळखीच्या माणसांची नावं सांगावीत तशी सांगितली. "हा हिरवा तो मावा. ही पांढरी माशी. आणि हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तिघंही रस पितात. जास्त झालेला रस मागून सोडतात, तोच तुमचा चिकटा. त्यावर काळी बुरशी धरते."

"मग औषध कोणतं?"

"औषध नंतर. आधी सांगा, मुंग्या आहेत?"

"आहेत की. लिंबाच्या पिंपावर तर रांगच लागलेली असते. पण मुंग्या पानं कुठे खातात?"

माळी हसला. "पानं नाही खात. तो चिकटा गोड असतो ना, तो त्या पितात. ही कीड म्हणजे त्यांची दुभती जनावरं. राखण करतात, खायला आलेल्याला हाकलून देतात, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेऊनसुद्धा सोडतात. गुराख्याला आधी अडवा, बाई."

धाकटी घरी आली ती कंबर कसूनच. नवऱ्याला हाताशी घेतलं. कुंड्या एकमेकींपासून दूर केल्या, म्हणजे पानाला पान लागणार नाही. प्रत्येक कुंडी विटेवर आणि वीट पाण्याच्या थाळीत. पिंपाच्या भोवती चिकटपट्टी लावून तिच्यावर व्हॅसलीनचा जाड थर. वाळत घालायच्या दोऱ्या नवऱ्याने लिफ्टच्या खोलीकडे हलवल्या.

मग उपचार. जास्वंदीच्या सगळ्यांत वाईट फांद्या तिने छाटल्या, पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं आणि खाली नेल्या. कात्री हातात आल्यावर मात्र तिचा हात सफाईने चालला. उरलेल्या बगलांमधले बोळे स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशाने एकेक करून टिपले. मिरचीचे शेंडे बोटांत धरून पाण्याच्या बारीक जोरदार धारेने धुतले, मावा धारेबरोबर वाहून गेला. पांढऱ्या माशीला पिवळा रंग आवडतो असं माळी म्हणाला होता. तिने क्रीमच्या डब्यांची पिवळी झाकणं व्हॅसलीन फासून टोमॅटोत टांगली आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर माश्यांचा खच पडला. साबण ह्या वेळी सौम्य, द्रव, लिटरभर पाण्याला चहाचा एक चमचा. तोही आधी एकाच पानावर लावून, एक दिवस थांबून, मग ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने.

"तू गिऱ्हाईकाला विचारतेस तसं झाडाला विचारते आहेस," नवरा म्हणाला. "गार लागतंय का, झोंबतंय का."

"झोंबलं तर सांगणार कसं? म्हणून थांबायचं."

मावा गेला. माशी कमी झाली. पण जास्वंदीवरचा कापूस हटेना. टिपावा आणि पुन्हा यावा. कुंड्या फिरवता फिरवता तिला त्याचं मूळही सापडलं. नव्या गुलाबी जास्वंदीच्या बुंध्याशी, मातीला लागून, कुंडीच्या काठाआड जुन्या कापसाचा भला मोठा थर होता. चोर नर्सरीच्या पिशवीतूनच वर आला होता. धाकटीने तो खरवडून काढला आणि त्या वेळी कोणाला काही बोलली नाही.

सभेला तीन-चार आठवडेच उरले. नवऱ्याला तिची दया आली असावी. त्याने बाजारातून एक जहाल औषध आणलं. "एका फटक्यात सगळं साफ. दुकानदार म्हणाला, पंधरा दिवस फळ तोडू नका म्हणजे झालं."

धाकटीने बाटली हातात घेतली. दमलीही होती ती. म्हणाली, "उद्या मारू." आणि शेवटचा एक फेरा म्हणून आरसा घेऊन जास्वंदीजवळ गेली.

एका फांदीवर बाकीच्यांपेक्षा दुप्पट मोठा पांढरा किडा होता, झिपऱ्या सोडल्यासारखा. हा तर त्यांचा म्होरक्याच, असं म्हणून तिने ब्रश उचलला आणि तो पळाला. पिठ्या ढेकूण पळत नाही. इतक्या दिवसांत तिने एकालाही लगबगीने जाताना बघितलं नव्हतं. तिने ब्रश खाली ठेवला आणि भिंग डोळ्याला लावलं. तो झिपऱ्या एका कापसाच्या बोळ्यापाशी थांबला, त्याने त्यात तोंड खुपसलं आणि बघता बघता तो बोळा रिकामा झाला. मग पुढचा.

"अहो!" ती ओरडली. "अहो, इकडे या! हा त्यांना खातोय!"

नवरा धावत आला. दोघं डोक्याला डोकं लावून भिंगातून बघत राहिले, फांदीवर क्रिकेटचा सामना चालल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी डायच्या वाटीत तो किडा घेऊन ती माळ्याकडे गेली. म्हाताऱ्याने वाटी उन्हात धरली आणि त्याचा चेहराच उजळला. "बाई, ही ढालकिड्याची पिल्लं! पिठ्या ढेकणासारखंच सोंग घेतात आणि त्यालाच खातात. लोक ह्यांना विकत आणतात. तुमच्याकडे आपणहून आले, कारण तुम्ही मुंग्या अडवल्यात. आता जास्वंदीवर काही मारू नका."

"साबणसुद्धा?"

"काही म्हणजे काहीच नाही."

हे शब्द तिने थोरलीच्या तोंडूनही ऐकले होते. पण ह्या वेळी ते ऐकून तिला हसू आलं. कारण आता हात न लावणं हे तिचं अडाणीपण नव्हतं, ते तिने बघून-सवरून ठरवलेलं होतं. जहाल बाटली नवऱ्याने न उघडताच परत केली.

झिपऱ्यांनी जास्वंद फांदी फांदीने साफ केली. मग ते कोषात अंग गुंडाळून बसले आणि त्यांतून काळे, नारिंगी डोक्याचे, टाचणीच्या डोक्याएवढे ढालकिडे निघाले आणि शेजारच्या कुंडीवर गेले. काळवंडलेली पानं धाकटीने ओल्या कापसाने पुसली. नवी पानं चकचकीत आली. एका सकाळी पहिली कळी गळली नाही, उमलली. धाकटीने ती बघून टाळ्या वाजवल्या आणि मग कोणी बघितलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

सभेच्या दिवशी तिने एक गोष्ट केली. दोऱ्या पुन्हा जुन्या जागी, जास्वंदींच्या बरोबर वर, पानांना कपडा घासेल इतक्या खाली बांधून घेतल्या आणि पार्लरचे सगळे पांढरे टॉवेल सकाळीच त्यांवर वाळत घातले. अख्खी गच्ची पांढरीशुभ्र झाली. संध्याकाळी सभेला निघालेल्या मंडळींना ती जिन्यातच आडवी आली.

"आधी वर चला. दोन मिनिटं."

सगळे वर आले. शिक्षिकाबाई, दुसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको, अध्यक्ष.

"हवा तो टॉवेल घ्या," धाकटी म्हणाली. "दिवसभर इथेच होते. हात लावून बघा."

शिक्षिकाबाईंनी बघितला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर हुंगून बघितला. अध्यक्षांनी सगळ्यांत खालचा, जास्वंदीच्या पानांना घासणारा टॉवेल ओढला, उलटा केला, सुलटा केला, कपाळावर फिरवला, आणि शेवटी त्यात तोंड पुसलं. टॉवेल जसा होता तसाच पांढरा.

"हं," ते म्हणाले. मग फरशीवर चप्पल घासून बघितली. आवाज आला नाही. "केलंत काय तुम्ही?"

"आधी नीट बघितलं, काका. मग केलं."

सभेत तो विषय निघालाच नाही. उलट शिक्षिकाबाईंनी विचारलं, त्यांच्या खिडकीतल्या गुलाबावरही असंच काही झालंय, पान आणून दाखवलं तर चालेल का? दुसऱ्या दिवसापासून पार्लरच्या बाकावर केस कापायला आलेल्यांच्या शेजारी हातात पानं घेतलेली माणसंही बसू लागली. नवीन गिऱ्हाईकं गोंधळायची. "आधी माझा नंबर," एक बाई म्हणाली, तर दुसरी म्हणाली, "तुमचे फक्त केस आहेत हो, माझ्या वांग्याचा जीव चाललाय!" आणि सगळं दुकान हसलं. धाकटी सर्वांत मोठ्याने हसली, आणि ह्या हसण्यात खडा नव्हता.

थोरली परत आली तेव्हा धाकटीने आधी काही कळवलं नव्हतं. थोरलीने सामान दारात टाकलं आणि रिकाम्या गच्चीची मनाची तयारी करून ती वर गेली. धाकटी तिच्या मागे. दारातच थोरली थबकली.

मिरच्या लगडल्या होत्या. करपलेल्या टोमॅटोंना बुडाशी नवे फुटवे येऊन फळं धरली होती. जास्वंदी फुलून कठड्यावर रेलल्या होत्या. थोरली एकेका कुंडीपाशी गेली. पानं उलटून उलटून बघितली. लिंबाच्या पिंपाभोवतीच्या पट्टीवरून बोट फिरवलं. सगळी गच्ची तिने पालथी घातली.

"माझ्याकडेसुद्धा," ती अखेर म्हणाली, "इतकी स्वच्छ पानं कधी नव्हती."

धाकटीने विटेवरची एक कुंडी उगाच जरा सरळ केली.

"आलं कुठून हे सगळं, कळलं का?" थोरलीने विचारलं.

खोटं बोलायचं धाकटीच्या जिभेवर आलं होतं. वाऱ्याबरोबर आलं असेल, असं म्हणता आलं असतं. पण झाडांच्या बाबतीत आता तिला खोटं बोलवेना. "पिठ्या ढेकूण तुमच्या नव्या जास्वंदीतून आला, ताई. बुंध्याशी लपला होता."

थोरली गुलाबी जास्वंदीकडे बघत राहिली. मग कपाळावर हात मारून मटकन कट्ट्यावर बसली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. "म्हणजे मीच! मीच चोर आणून ठेवला, आणि वर तुला म्हटलं हात लावू नकोस!" हसता हसता तिचे डोळे पाणावले. तिने धाकटीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "अगं, मी फोनवर तसं बोलले, ते लेकीने ऐकलं. म्हणाली, आई, ओरडली असतीस तर काकूला कमी लागलं असतं. तेव्हापासून मला चैन नव्हतं बघ."

त्या संध्याकाळी गच्चीची वाटणी झाली. उगवतीची बाजू धाकटीची. तिथे तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने काकडीचा वेल लावला आणि तो दोऱ्यांवरून सरसर चढला. एका बुधवारी सकाळी तिला त्याच्या पानांवर पांढऱ्या रेघोट्या दिसल्या, कोणीतरी खडूने वेडीवाकडी वळणं काढल्यासारख्या. तिने पान उलटलं. काही नाही. वरून भिंग लावलं. काही नाही. मग पान सूर्यासमोर धरलं, आणि रेघेच्या टोकाशी, पानाच्या दोन्ही पदरांच्या मधोमध, एक इवलीशी अळी वळवळताना दिसली.

"ताई!" ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली. "लवकर वर या! एक नवीनच आलाय! ना पानावर, ना पानाखाली, पानाच्या आत बसलाय पठ्ठ्या!"

"आले, आले!" खालून थोरलीचा आवाज आला. "मारू नकोस गं, मला बघू दे आधी!"